बाबांचा यशिका कॅमेरा दुरुस्त करू, विकू, की तसाच राहू दे?

पत्र थोडक्यात:

पत्र एका ताईंचं आहे. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी पुण्यात, माहेर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात. वडील हायस्कूलमध्ये शिक्षक होते, पण एप्रिल-मे आला की पंचक्रोशीतल्या लग्नांचे फोटो तेच काढायचे. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. घर आवरताना लोखंडी कपाटात त्यांचा यशिका मॅट १२४ जी सापडला, मामांनी कुवेतहून आणलेला, कातडी केससकट. केसच्या झाकणाच्या आत त्यांच्या अक्षरातली चिकटवलेली चिठ्ठी आहे: ऊन १२५–११, ढग १२५–५.६, मांडव ३०–३.५. लेन्समध्ये पांढरी जाळी दिसते. काढलेले फोटो मोजणाऱ्या काउंटरवर ७ आकडा आहे. मागचं झाकण कसं उघडतात ते माहीत नसल्यामुळे अजून कोणी उघडलेलं नाही. मुंबईतल्या एका मेकॅनिकने व्हॉट्सॅपवर फोटो बघून नऊ हजार सांगितले, वर साडेतीन हजारांत नवं लेदर आणि नवी केस, म्हणजे कॅमेरा अगदी नव्यासारखा दिसेल. भाऊ म्हणतो विकून टाकू, ओएलएक्सवर असले वीस-पंचवीस हजाराला लावलेत. आई म्हणते काही करू नका, शोकेसमध्ये ठेवा. सोळा वर्षांच्या लेकीला त्याच्यावर फोटो काढायचेत. ताई लिहितात, बाबांची वस्तू बंद पडून राहिली तर त्यांचा अपमान केल्यासारखं वाटतं, आणि बारा हजार घालून नुसती शोभेची झाली तर ते पैसे वाया गेल्यासारखे. शेवटची वीस-पंचवीस वर्षं खुद्द त्यांनीही तो हातात घेतला नव्हता. लहानपणी बाबांबरोबर फ्लॅशची पेटी धरून लग्नांना जाणाऱ्या भावाला आता फक्त पैसे दिसतात याचंही त्यांना वाईट वाटतंय. शेवटी एक ओळ अशी आहे की त्याच कपाटात निगेटिव्हचे चार-पाच डबे आहेत, काही एकमेकांना चिकटलेत, पण त्यांचं नंतर बघू.

ताई, नमस्कार.

तुम्ही सगळं तपशीलात लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण तुमच्या मुख्य प्रश्नापेक्षा त्यात सहज लिहून गेलेल्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या. एक तो काउंटरवरचा ७, आणि दुसरी ते निगेटिव्हचे डबे. कॅमेऱ्याचं काय करायचं त्यावर बोलूच, पण त्याला खरंच घाई नाहीये, तो अजून सहा महिने थांबला तरी काही बिघडत नाही. या दोन गोष्टींना मात्र घाई आहे.

आधी तो ७. तुमच्या कॅमेऱ्यात १२० चा, म्हणजे नेहमीच्या ३५ एमएमपेक्षा रुंद, रोल बसतो आणि त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो येतात. मागचं झाकण उघडलं की काउंटर आपोआप सुरुवातीला जातो. म्हणजे शेवटचं झाकण लावल्यानंतर कोणीतरी क्रँक, म्हणजे रोल पुढे सरकवायची बाजूची दांडी, फिरवत सातपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. रिकामा कॅमेरा घेऊन पोरं खेळली असंही असेल, पण आत अर्धा काढलेला रोल असण्याची शक्यता मला चांगली वाटते. त्यामुळे आजच्या आज एवढंच करा, झाकण उघडू नका, क्रँक फिरवू नका, शटर दाबू नका, आणि कॅमेऱ्यावर एक चिठ्ठी लावा की आत रोल असू शकतो, उघडू नये. तुम्ही सांभाळाल हो, पण दिवाळीत घरी आलेलं कोणीतरी कौतुकाने उघडून बघतं. आणि मेकॅनिकच्या हातात कॅमेरा पडला की तो पहिलं काम तेच करणार, त्यात त्याची चूकही नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

कॅमेरा आधी लॅबकडे न्या. ब्लॅक अँड व्हाइट रोल धुणाऱ्या लॅब आता मोजक्याच आहेत पण मुंबई-पुण्यात मिळतात. त्यांना सांगायचं की कॅमेरा अंधारात किंवा चेंजिंग बॅगमध्येच (हात घालून काम करायची, उजेड न शिरणारी पिशवी) उघडा, रोल जुना आहे, कुठला आहे माहीत नाही. १२० च्या फिल्मच्या मागे कागद असतो त्यावर नाव छापलेलं असतं, ते आधी वाचू द्या. आपल्याकडे तेव्हा पूर्व जर्मनीचा ऑर्वो चालायचा, ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू चालायचा, कोडॅक होतं, त्यातलं काहीही निघू शकतं. रंगीत निघाला तर लॅबशी नीट बोला, कारण इतकी जुनी रंगीत फिल्म नेहमीच्या पद्धतीने धुतली की रंग बहुतेक गढूळ येतात, त्यापेक्षा ब्लॅक अँड व्हाइटच्या रसायनात धुतली तर निदान चेहरे हाती लागायची शक्यता जास्त. एकदा धुतली की परत नाही, म्हणून हा निर्णय लॅबवर सोडू नका. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. कोकणातले इतके पावसाळे त्या फिल्मने कपाटात काढलेत, धुरकट येईल, मागच्या कागदावरचे आकडे फोटोवर उमटलेले असतील, कदाचित काहीच नसेल. कोरी आली तरी फिल्म परत मागून घ्या.

आता डबे. "त्यांचं नंतर बघू" हे वाक्य वाचून मला खरंच तुम्हाला फोन करावासा वाटला. ताई, कॅमेरा धातूचा आणि काचेचा आहे, कोरड्या जागी ठेवला की त्याचं बिघडणं जवळजवळ थांबतं. यशिकाने १२४ जी १९७० ते १९८६ अशी कितीतरी वर्षं बनवला, त्यामुळे उद्या तो हरवला तरी हुबेहूब तसाच दुसरा विकत मिळेल. निगेटिव्ह एकच असते. तिच्यावरचा जिलेटीनचा थर दमट हवेत मऊ पडतो आणि शेजारच्या निगेटिव्हला किंवा पाकिटाला चिकटतो, त्यावर बुरशीही येते, आणि ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म असेल तर ती हळूहळू आंबते, डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, मग ती आक्रसते आणि वळते. हा वास आला तर ते डबे बाकीच्यांपासून लगेच वेगळे करा, कारण ती वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागते.

चिकटलेल्या निगेटिव्ह ओढून वेगळ्या करू नका, ओढल्या की चित्राचा थरच सोलून निघतो. त्या तशाच एका कागदी पाकिटात घालून बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे तिथे विचारता येईल. ज्या सुट्या आहेत त्या कडेने धरा, सुती हातमोजे असले तर उत्तमच, मऊ ब्रशने धूळ काढा आणि आम्लविरहित कागदाच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत एकेक घाला. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी साधी पीव्हीसीची चकचकीत पाकिटं नकोत, ती काही वर्षांनी स्वतःच चिकटतात. बाबांनी जुन्या पाकिटांवर कोणाचं लग्न, कुठली तारीख असं काही लिहिलेलं असेल तर पाकीट फाटकं असलं तरी फेकू नका, निदान त्याचा फोटो काढून ठेवा आणि नव्या पाकिटावर तोच नंबर पेन्सिलने टाका.

मग स्कॅनिंग. त्यासाठी लगेच लॅबला पैसे द्यायची गरज नाही. सहा बाय सहाची निगेटिव्ह एवढी मोठी असते की लाइट पॅनलवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पाटीवर, ठेवून मोबाइलने फोटो काढला आणि ॲपमध्ये काळ्याचं पांढरं करून घेतलं तरी कोण आहे ते स्पष्ट दिसतं. असे कामचलाऊ फोटो आधी सगळ्यांचे काढा, त्यातले चांगले निवडा, आणि तेवढेच फ्लॅटबेड स्कॅनरवर नीट करून घ्या. स्कॅनर घेताना किंवा कोणाचा वापरताना एवढं बघा की तो १२० ची फिल्म घेतो, पुष्कळ स्वस्त स्कॅनर फक्त ३५ एमएमचेच असतात.

आणि हे कामचलाऊ फोटो झाले की माहेरी जा आणि आईंच्या शेजारी बसा. मांडवात कोण उभं आहे, ही कोणाची मुलगी, हे घर कोणाचं, हा म्हातारा कोण, हे आज फक्त त्यांना माहीत आहे. बोलताना रेकॉर्डिंग चालू ठेवा. तुम्ही लिहिलंत की आई कॅमेऱ्याबद्दल "काही करू नका, शोकेसमध्ये ठेवा" याच्यापुढे बोलतच नाहीत. त्यांना कॅमेऱ्याबद्दल विचारू नका, फोटो दाखवा, मला वाटतं त्या बोलतील. शिवाय ते फोटो नुसते तुमच्या घराचे नाहीयेत. पंचक्रोशीतल्या किती घरांत लग्नाचा एकुलता एक फोटो कधीच पावसात गेला असेल आणि त्याची निगेटिव्ह तुमच्या कपाटात आहे. होमाई व्यारावाला, ज्यांना देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर म्हणून आपण ओळखतो, त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सांभाळला गेला म्हणून त्यांनी टिपलेला काळ आज आपल्याला बघता येतो. तुमच्या बाबांनी टिपलेला कोकणातला काळ तसा जपणारं कोणी नाही, तो तुमच्याच हातात आहे. तुम्ही जे बारा हजार कॅमेऱ्यासाठी बाजूला काढलेत त्यातले पहिले चार-पाच हजार इथे घाला असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

आता अपमानाचं. हे वाक्य मी परत परत वाचलं कारण अशी पत्रं येतात त्यात कुठे ना कुठे हे असतंच, आईचं शिवणयंत्र असो, आजोबांचा रेडिओ असो. पण तुम्हीच लिहिलंय की वीस-पंचवीस वर्षं बाबांनी तो कॅमेरा वापरला नव्हता. विकला नाही, कोणाला दिला नाही, दुरुस्तीलाही पाठवला नाही, नीट केसमध्ये घालून कपाटात ठेवला. म्हणजे कॅमेरा बंद ठेवायचा निर्णय त्यांनी स्वतःच घेतलेला होता. जे त्यांनी शांतपणे केलं तेच तुम्ही केलंत तर त्यात अपमान कसा होईल? तो चालू करायचा असेल तर आनंदासाठी करा, कोणाला तरी तो वापरायचाय म्हणून करा. बाबांचं काही देणं राहिलंय आणि ते फेडायचंय अशा भावनेने केलंत तर नऊ हजार देऊनही मन भरणार नाही, मग लेदर नवं करावंसं वाटेल, मग आणखी काही.

या नऊ हजारांबद्दलही बोलू. व्हॉट्सॅपवरचा फोटो बघून सांगितलेली रक्कम म्हणजे नुसता अंदाज आहे, कॅमेरा उघडून तपासून दिलेलं एस्टिमेट नाही. तुमच्या कॅमेऱ्याला दोन लेन्स आहेत. वरची फक्त तुम्हाला बघायला, फोटो येतो तो खालच्या लेन्समधून. जाळी वरच्या लेन्समध्ये असेल तर फोटोवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही. म्हणून मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दोन्ही लेन्स नीट बघा. झाडाच्या मुळांसारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी, नुसता सगळीकडे सारखा दुधट थर असेल तर जुन्या ग्रीसची वाफ बसलेली असते आणि ती बहुतेक वेळा साफ होते. बुरशी पुसली जाते पण ती बरीच वर्षं बसलेली असली तर खालच्या कोटिंगवर, कधी काचेवरही, तिचे ओरखडे राहतात, ते जात नाहीत. थोडे ओरखडे राहिले म्हणून फोटो येत नाहीत असं मुळीच नाही, सूर्यासमोर धरून काढला तर थोडा फिकट येईल इतकंच.

मेकॅनिक ज्याला नुसतं दुरुस्ती म्हणतो त्यात खरं तर तीन वेगवेगळी कामं असतात आणि ती वेगळी करून विचारलीत की डोक्यातला निम्मा गोंधळ कमी होईल. पहिलं म्हणजे बिघाड आहे तिथे थांबवणं. हे सगळ्यांनी करायचंच, विकणार असाल तरी, शोकेसमध्ये ठेवणार असाल तरी, आणि याला मेकॅनिक लागत नाही. दुसरं म्हणजे चालू करणं: शटर उघडून जुनं सुकलेलं तेल-ग्रीस काढणं, स्पीड तपासून जुळवणं, लेन्स आणि आतला आरसा साफ करणं, फोकस बघणं. हे कुशल हाताचं काम आहे, त्याचे पैसे योग्यच असतात, पण कॅमेरा वापरणार असाल तरच ते द्या. सर्व्हिसिंग करून पुन्हा पाच-सात वर्षं शोकेसमध्ये ठेवला तर शटर परत जड होणार. तिसरं म्हणजे नटवणं, नवं लेदर, नवा रंग, नवी केस. हे करू नका. याबद्दल माझं मत अगदी स्पष्ट आहे. ज्या जागी बाबांचं बोट रोज टेकायचं तिथला काळा रंग जाऊन आतला धातू दिसत असेल, तो तसाच राहू दे. आणि ती केस बदलली तर झाकणातली चिठ्ठी जाणार.

त्या चिठ्ठीपाशी मला जरा थांबायचंय. ऊन १२५–११. म्हणजे शटर एका सेकंदाचा १२५वा भाग उघडं आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, ११ वर; हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. साधारण १०० स्पीडच्या (फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा हा आकडा) फिल्मला लख्ख उन्हात पुस्तकातलं उत्तर १२५ आणि १६ असं येतं. बाबा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड देत होते. का देत असतील? कोकणातल्या भर दुपारच्या लग्नात ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, पगडी-फेट्याखाली चेहरा दिसतच नाही, तो दिसावा म्हणून देत असतील असा माझा अंदाज आहे. आणि मांडव ३०–३.५ म्हणजे लेन्स पूर्ण उघडी आणि हात हलू नये म्हणून श्वास रोखून काढलेला फोटो, कारण ३.५ च्या पलीकडे ही लेन्स उघडतच नाही. तीन ओळींत एका माणसाचा कितीतरी वर्षांचा अनुभव आहे, आणि तो आजही जसाच्या तसा वापरता येतो. तुमच्या लेकीला कॅमेरा शिकायचा असेल तर तिचा पहिला धडा हाच.

लेकीबद्दल मोकळेपणाने सांगते. तिला फोटो काढायचेत ही या सगळ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, कारण वापरणारं कोणी असेल तरच त्या दुसऱ्या कामावर, म्हणजे कॅमेरा चालू करण्यावर, पैसे घालण्यात अर्थ आहे. फिल्म संपली, आता मिळत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. कोडॅक आणि इलफर्ड दोघंही १२० चे रोल बनवतात, कोडॅकने तर २०२२ मध्ये गोल्ड २०० हा रंगीत रोल १२० मध्ये आणला, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा कोरा फिल्म कॅमेराही काढला. प्रश्न मिळण्याचा नाही, खर्चाचा आहे. रोल, धुणं आणि स्कॅन मिळून एका फोटोमागे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त धरा, रोलमध्ये बारा फोटो. सोळा वर्षांच्या मुलीशी हे आकडे मांडून बोला, वर्षाला किती रोल, पैसे कोणाचे. मी तुमच्या जागी असते तर आतला रोल सुरक्षित निघाल्यावर सर्व्हिसिंगच्या आधीच तिला एक साधा ब्लॅक अँड व्हाइट रोल घालून दिला असता, शटर उघडझाप करतंय एवढं बघून. जुन्या शटरचे १२५ आणि ६० बऱ्याचदा ठीक असतात, एक सेकंद, अर्धा सेकंद हे सावकाश स्पीड आधी अडकतात. त्या रोलवरून दोन गोष्टी कळतील, कॅमेऱ्यात नक्की काय बिघडलंय, आणि बारा फोटो काढून झाल्यावर लेकीला तेरावा काढावासा वाटतोय का. दुसरी जास्त महत्त्वाची.

मीटरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या काट्यावर, पैसे घालू नका. हा कॅमेरा पूर्ण मेकॅनिकल आहे, बॅटरीशिवाय चालतो, बॅटरी फक्त मीटरला. त्यात १.३५ व्होल्टचा मर्क्युरी सेल बसायचा, तो आता बनतच नाही, आणि त्याजागी साधा दीड व्होल्टचा घातला की मीटर चुकीचं दाखवतो. मोबाइलवर फुकट लाइट मीटर ॲप आहेत, आणि वर तुमची चिठ्ठी आहे. तरीही मीटर चालवायचाच असेल तर श्रवणयंत्राच्या दुकानात ६७५ नंबरचा सेल मिळतो, त्याचा व्होल्टेज जवळचा आहे, आकाराने लहान असल्यामुळे भोवती एक रिंग लागते. मात्र बॅटरीचा कप्पा आजच उघडून बघा, तो बाहेरून उघडतो, त्याने रोलला काही होत नाही. आत जुना सेल असेल तर हातमोजे घालून काढा आणि कचऱ्यात न टाकता ई-वेस्टवाल्याकडे द्या, त्यात पारा असतो.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द, कारण तुमच्यासारखे बरेच वाचक ते करून मग लिहितात. शटर जड आहे म्हणून शिवणयंत्राचं तेल, डब्ल्यूडी-४० असलं काहीही सोडू नका, ते पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. वरून दिसणारा आतला आरसा कापडाने पुसू नका, त्याचा मुलामा वरच्या बाजूलाच असतो, एका पुसण्यात जातो. बुरशी मरावी म्हणून उन्हात ठेवू नका, मेलेली बुरशीही आतच राहते आणि वितळलेलं ग्रीस नको तिथे जातं. सेल्फ टायमरच्या कळीला तर हातच नको, जुन्या शटरमध्ये ती अडकली की सगळंच अडकतं.

ज्यांच्याकडे दुसरे कॅमेरे आहेत त्यांच्यासाठीही थोडं लिहिते. घरात आग्फा क्लिक थ्री असेल तर त्याला दुरुस्ती अशी लागतच नाही, इतका साधा आहे, पुसून १२० चा रोल घातला की बहुतेक चालतो. यशिका इलेक्ट्रो ३५ बॅटरीवर चालतो, बॅटरी नसली की एकच स्पीड मिळतो, त्यामुळे तो मेला असं समजून टाकू नका. नव्वदच्या दशकातले प्लास्टिकचे ऑटोमॅटिक कॅमेरे मात्र आतलं सर्किट गेलं की दुरुस्त होत नाहीत, त्यावर खर्च करू नका, आठवण म्हणून ठेवा.

आता भाऊ. भावाला फक्त पैसे दिसतात असं तुम्ही म्हणता. असेलही, मी त्यांना ओळखत नाही. पण फ्लॅशची पेटी धरून, अर्ध्या झोपेत, रात्रीच्या वराती ज्याने बाबांबरोबर काढल्या त्याच्या मनात त्या कॅमेऱ्याबद्दल काय असेल हे तुम्हाला आणि मला इतक्या सहज कळेल असं मला वाटत नाही. तुम्हाला तो कपाटात सापडला, त्यांनी तो सगळं लहानपण रोज बघितलाय. कदाचित विकून टाकू म्हणणं हा विषय लवकर संपवायचाही मार्ग असेल. म्हणून त्यांच्याशी किमतीवरून सुरुवात करू नका. निगेटिव्हचे ते पहिले कच्चे फोटो त्यांनाही पाठवा आणि विचारा, हे लग्न कुठलं, तू होतास का तिथे.

पैशांचा प्रश्न तरीही खरा आहे आणि तो सरळ सोडवा. ओएलएक्सवरचे वीस-पंचवीस हजार हे मागितलेले पैसे आहेत, मिळालेले नव्हेत. बुरशी लागलेल्या, न तपासलेल्या कॅमेऱ्याला त्यापेक्षा बरेच कमी येतात, आणि सर्व्हिसिंगचा खर्च विक्रीत वसूल होईलच असं नाही. त्यामुळे विकायचा ठरलाच तर आहे तसा, बुरशीचे फोटो दाखवून विका. ठेवायचा ठरला तर आहे त्या अवस्थेत दोन जाणकारांकडून किंमत विचारा आणि भावाला निम्मे पैसे देऊ करा. ते घेतील किंवा घेणार नाहीत, पण देऊ केले होते हे दोघांनाही माहीत असेल. दुरुस्तीला द्यायच्या आधी हे बोलणं होऊ द्या, नंतर नको, नंतर केलंत तर तुमचे नऊ हजारही हिशोबात येतात आणि वाद वाढतो.

आईंचं शोकेस चालेल का? चालेल, पण केसबाहेर. कातडी केस ओल धरून ठेवते, बुरशीला तिच्याइतकी चांगली जागा नाही. कॅमेरा केसशिवाय, उजेडात, हवा खेळती असेल तिथे ठेवा, आणि पावसाळ्यात जून ते ऑक्टोबर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलबरोबर. आत छोटा आर्द्रतामापक टाका, काही शे रुपयांत मिळतो, चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिलं की झालं, साठच्या वर गेलं की जेल बदला किंवा गरम करून सुकवा, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. तांदूळ घालायची पद्धत आहे ती करू नका, त्याची पूड आत जाते. केस वेगळी ठेवा, मऊ कागद भरून, तीही कोरड्या जागी.

हे सगळं होऊन लेकीला खरंच कॅमेरा वापरायचा असेल आणि भावाची हरकत नसेल तर मग दुरुस्तीला द्या, बिनधास्त द्या. मेकॅनिक कुठलाही असो, त्याने दोन लेन्सचे, असे वरून बघायचे कॅमेरे उघडलेत का हे विचारा, शक्यतो स्वतः घेऊन जा, मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात फिरलात तर अजूनही असे हात भेटतात. यशिका कंपनी १९८३ मध्ये क्योसेराकडे गेली आणि त्यांनी २००५ मध्ये कॅमेरे बनवणंच बंद केलं, त्यामुळे नवे पार्ट नाहीत, लागलाच तर दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढून घालतात. म्हणून पार्ट बदलायचा असेल तर आधी फोन करा असं सांगून ठेवा आणि काढलेला जुना पार्ट परत मागा. काय काय करणार, किती दिवस, किती पैसे हे कागदावर घ्या. स्पीड मोजून दाखवायला सांगा, कामाच्या आधीचे आणि नंतरचे. केस देऊ नका, नुसता कॅमेरा द्या. आणि निदान तीन महिन्यांची वॉरंटी मागा, ती चालू असतानाच लेकीला एक पूर्ण रोल काढायला लावून लगेच धुवून घ्या, म्हणजे फोकस किंवा शटरमध्ये काही राहिलं असेल तर निगेटिव्ह दाखवून परत देता येईल.